साडेआठ मिनिटांचे निर्वासित

मानवी हक्कांच्या क्षेत्रात गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवा पंथ निघाला आहे. शिकवण सोपी आहे. जगात अन्याय चालतो, कारण सुखवस्तू माणसाला दुसऱ्याचं दुःख आतून जाणवत नाही. बातमी वाचून जाणवत नाही, फोटो बघूनही नाही. तेव्हा त्याच्या डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी वास्तवाचा, हेडसेट चढवा आणि त्याला थेट छावणीत, कोठडीत, बुडत्या बोटीत नेऊन उभं करा. त्याचं काळीज पाझरेल. काळीज पाझरलं की खिसा सैल होईल, खिसा सैल झाला की धोरण बदलेल, आणि धोरण बदललं की पीडिताला हक्क मिळेल. ‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ ही म्हण या मंडळींनी रद्दबातल ठरवली आहे. आता ज्याचं जळत नाही त्यालाही कळतं, फक्त बॅटरी चार्ज केलेली हवी.

पंथाचं मूळ प्रवचन मार्च २०१५ मध्ये झालं. क्रिस मिल्क या अमेरिकी दिग्दर्शकाने ‘टेड’च्या व्यासपीठावरून व्हीआर हे सहवेदना जागवणारं परमोच्च यंत्र ठरू शकतं, असं सांगितलं. पुराव्यादाखल त्याच्याकडे गाबो अरोराबरोबर संयुक्त राष्ट्रांसाठी केलेली ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ ही साडेआठ मिनिटांची फिल्म होती. जॉर्डनमधल्या झातारी छावणीतली बारा वर्षांची सीरियन मुलगी सिद्रा आपल्याला तिचं घर, तिची शाळा, बेकरी, फुटबॉलचं मैदान दाखवते. त्या जानेवारीत ही फिल्म दावोसच्या आर्थिक परिषदेत नेऊन जगभरच्या धनिकांना आणि मंत्र्यांना दाखवली गेली. एरवी ज्यांचं पाऊल असल्या तंबूत पडलं नसतं ते लोक तंबूत बसून आले, केवढं हे थोर कार्य, असा एकूण सूर. वर्ष संपायच्या आत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दहा लाखांहून अधिक वाचकांच्या घरी पुठ्ठ्याचे चष्मे पाठवले आणि ‘द डिस्प्लेस्ड’मधून तीन विस्थापित मुलं त्यांच्या दिवाणखान्यात आणून बसवली. तेव्हापासून आरती सुरू आहे. आपल्याकडच्या सीएसआर परिषदांतही ती आता ऐकू येते, आणि कुणी शंका काढलीच तर त्याला तंत्रज्ञानाचा द्वेष्टा ठरवून लोक मोकळे होतात.

तंत्रज्ञानाशी माझं भांडण नाही. पुढे त्याच्या बाजूने दोन शब्द बोलणारही आहे. भांडण आहे ते वरच्या साखळीशी, कारण तिची एकही कडी ओढून बघितली तर टिकत नाही.

‘तुम्ही तिथे असता, मध्ये कुणी नसतं’ हा पंथाचा आवडता मंत्र. वर्तमानपत्रात बातमीदार मध्ये असतो, सिनेमात दिग्दर्शक, इथे म्हणे कुणीच नाही. ३६० अंशांचं चित्रीकरण कसं होतं ते जरा बघा. कॅमेऱ्याला चारी बाजूंचं दिसतं, म्हणून तो तिवईवर ठेवून दिग्दर्शक आणि त्याची माणसं तंबूमागे, भिंतीआड जाऊन उभी राहतात. तिवईचे पाय तेवढे फिल्ममध्ये येतात. ते नंतर संगणकावर पुसून टाकायचे. मध्यस्थ असतोच, फक्त मागे ठसा ठेवत नाही. छावणीतली पोरं गोळा होऊन लेन्समध्ये डोकावतात आणि दावोसच्या पाहुण्याला वाटतं, ही माझ्याकडे बघतायत. पोरं एका चमत्कारिक यंत्राकडे बघत होती. पाहुण्याने मान खाली घातली तर त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत, नुसती जमीन दिसते. ज्याला पाय नाहीत, तहान नाही, ज्याला कुणी ओळखपत्र विचारत नाही आणि हाकलूनही देऊ शकत नाही, असा हा ‘तिथे असलेला’ माणूस. आपल्याकडे याला भूत म्हणतात.

आणि निर्वासित असणं हा बघण्याचा विषय तरी आहे का? झातारी छावणी जुलै २०१२ मध्ये उघडली. बघता बघता तिथे ऐंशी हजारांचं गाव वसलं. या गावच्या माणसाला बाहेर जायचं तर परवानगीचा कागद लागे, काम करायचं तर परवाना लागे, परतायला देश उरलेला नव्हता आणि हे किती वर्षं चालणार ते सांगायला कुणी बांधील नव्हतं. यातलं ३६० अंशांत काय दिसणार? न मिळालेला परवाना कुठल्या कोनातून टिपायचा? छावणीतल्या माणसाचं दुःख मुख्यतः तिथून निघता न येण्याचं असतं, आणि हेडसेटमध्ये खात्रीची अशी एकच सोय आहे, ती म्हणजे तो काढता येतो. जी गोष्ट त्या मुलीला करता येत नाही नेमकी तीच करून प्रेक्षक अनुभव संपवतो आणि ‘मी तिच्या जागी होतो’ असं म्हणत कॉफी घ्यायला जातो.

पुण्यातल्या एका परिषदेत हा सोहळा मी जवळून बघितला. हॉटेलच्या लॉबीत फिरती खुर्ची, शेजारी संस्थेचा टी-शर्ट घातलेली मुलगी. प्रत्येक पाहुण्यानंतर ती ओल्या टिश्यूने हेडसेटचा स्पंज पुसत होती. एका साहेबांचा जाड चष्मा आत बसेना म्हणून त्यांनी तो काढून ठेवला आणि अख्खी छावणी अंधूकच पाहिली. नंतरच्या बाई खुर्चीत गरागरा फिरल्या, हात पुढे करून हवेत काही तरी चाचपलं, ‘अय्या, किती खरं!’ म्हणाल्या. हेडसेट उतरवला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, स्पंजला काजळ लागलं होतं. आणि डोळे टिपत त्यांनी त्या मुलीला विचारलं, ‘केवढ्याला पडतो हो हा?’

मी त्या बाईंना हसत नाही. त्यांना जे दाखवलं त्यातून दुसरा प्रश्न निघणार कुठून? ही छावणी कुणाच्या बॉम्बमुळे भरली, ती चालवायचे पैसे कोण थकवतंय, तिथल्या बाईला शहरात काम करायला कुठला कायदा आडवा येतो, यातलं अक्षरही त्या खुर्चीत कळत नाही. खुर्ची तुम्हाला मधोमध बसवते, जग तुमच्याभोवती फिरवते आणि शेवटी तुम्ही किती हळवे आहात याची पावती देते.

या कलेचा कळस म्हणजे दिग्दर्शक अलेहांद्रो इन्यारितूची ‘कार्ने इ अरेना’ ही व्हीआर कलाकृती. २०१७ मध्ये कान महोत्सवात आली. प्रेक्षक एकटा आत जातो. आधी थंडगार खोलीत बूट-मोजे काढून बसायचं. आसपास अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवर सापडलेले स्थलांतरितांचे खरे बूट. मग अनवाणी वाळूवर, डोळ्यांवर हेडसेट, आणि पुढची साडेसहा मिनिटं वाळवंट, हेलिकॉप्टरचा झोत, ओरडणारे सशस्त्र शिपाई. एखाद्या आकृतीच्या आत शिरलात तर तिचं धडधडणारं हृदय दिसतं. कारागिरीत खोट काढायला जागा नाही. त्याच नोव्हेंबरात अकादमीने तिला खास ऑस्कर दिलं. मार्च २०१८ पासून ती खुद्द वॉशिंग्टनमध्ये मुक्कामाला होती. आणि त्याच उन्हाळ्यात त्याच शहरातून चालणाऱ्या सरकारने सरहद्दीवर ‘झिरो टॉलरन्स’ लागू करून हजारो मुलं आईबापांपासून तोडली. थंडगार कोठड्या तिकडे खऱ्या होत्या आणि बूट परत मिळत नव्हते.

यावर भक्तांचं उत्तर ठरलेलं आहे: धोरण करणाऱ्यांनी ती पाहिलीच नाही हो! बरं, मग पाहिली कुणी? ज्यांना स्थलांतरितांचा कळवळा आधीच होता त्यांनी. पाझरलेली काळजं पुन्हा पाझरवायला एवढी वाळू कशाला अंथरायची?

पैशाचं उदाहरण तर हटकून पुढे केलं जातं. मार्च २०१५ मध्ये कुवेतमध्ये सीरियासाठी देणगीदार देशांची परिषद झाली. तिच्या आधी देणगीदारांना सिद्राची फिल्म दाखवली होती. परिषदेत ३८० कोटी डॉलरची आश्वासनं मिळाली, अपेक्षेपेक्षा म्हणे कितीतरी जास्त. श्रेय हेडसेटला. ठीक आहे, राष्ट्रांच्या तिजोऱ्या एका फिल्मने उघडतात असं धरून चालू. मग त्याच वर्षीच्या सप्टेंबरचा हिशेबही तिच्याच खात्यावर मांडावा लागेल. निधी आटला म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाने जॉर्डनमध्ये छावण्यांबाहेर राहणाऱ्या २ लाख २९ हजार सीरियन निर्वासितांची अन्नमदत बंद केली. सहा महिन्यांत! पाझरलेली काळजं एवढ्यात कोरडी पडली की आश्वासनं मुळात वेगळ्याच गणितावर दिली गेली होती? वचन भावनेच्या भरात देता येतं. दर महिन्याचा शिधा अर्थसंकल्पातून येतो, आणि अर्थसंकल्प करणारा माणूस हेडसेट घालून बसत नाही.

मग विज्ञान पुढे येतं. स्टॅनफर्डमध्ये जेरेमी बेलेन्सन यांच्या प्रयोगशाळेने बेघर होण्याचा अनुभव देणारी व्हीआर फिल्म केली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले: ती अनुभवणाऱ्यांनी बेघरांना परवडणारी घरं मिळावीत या मागणीच्या अर्जावर जास्त प्रमाणात सह्या केल्या. असतीलही केल्या. समोर धरलेल्या कागदावर सही करणं आणि आपल्या सोसायटीच्या शेजारच्या भूखंडावर स्वस्त घरांची इमारत उठू देणं, या दोहोंमधलं अंतर मुंबई-पुण्याच्या माणसाला तरी समजावून सांगायला नको. २०२१ मध्ये अशा अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं. त्यात आढळलं की व्हीआरने भावना उचंबळते, पण समोरचा माणूस परिस्थितीकडे कसं बघतो हे समजण्याची कुवत वाढत नाही. गलबलतं, उमगत नाही.

त्याहून अडचणीचा अभ्यास आर्यल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या संशोधक बाईंचा. लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना ‘अंधत्वाचा अनुभव’ दिला. पट्टी सोडल्यावर त्यांच्या मनात अंधांबद्दल कणव होती, आणि सोबत हाही ग्रह, की अंध माणसं काम करायला, स्वतंत्र राहायला फारशी समर्थ नसणार. उघड आहे. पट्टी बांधल्यावर पहिल्या मिनिटाला जे अडखळणं होतं तेच त्यांनी अंधत्व समजून घेतलं. वर्षानुवर्षं अंध असलेला माणूस काय काय सहज करतो हे त्या मिनिटात कुठून कळणार? आता असा अनुभव घेतलेला अधिकारी अंध उमेदवाराच्या मुलाखतीला बसला तर तो डोळ्यांत पाणी आणेल आणि नोकरी दुसऱ्याला देईल. दयेची किंमत ज्याची दया येते त्यालाच मोजावी लागते.

हे सगळं बाजूला ठेवलं, यंत्र दाव्याप्रमाणे चाललं असं मानलं, तरी मुळातला घोटाळा शिल्लक राहतो. समोरच्याला माझं दुःख जाणवलं तरच मला हक्क मिळावा, हे ठरवलं कुणी?

महाड आठवून बघा. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद उत्तम होता. तळ्यावर मात्र कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चालत गेले आणि पाणी प्याले. सवर्णांनी नंतर शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. दहा वर्षं दावा चालला. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला. आता या गोष्टीत सहवेदनेचं यंत्र कुठे बसवायचं? सवर्णांना तहान म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं म्हणून पाणी अडलं होतं का? कोकणातल्या उन्हाळ्यात तहान कुणाला ठाऊक नसते! पाणी अडलं होतं ते तळ्याच्या ताब्यावरून. तहानेचा साडेआठ मिनिटांचा अनुभव देऊन ताबा सुटत नाही. तळ्यावर जाऊन ओंजळ भरावी लागते आणि मग कोर्टात दहा वर्षं काढावी लागतात.

जवळचंच उदाहरण हवं असेल तर त्र्यंबकेश्वर. तिथल्या गाभाऱ्यात प्रवेश मागणाऱ्या बायकांवर खुशबू रांका यांनी २०१६ मध्ये ‘राइट टू प्रे’ ही व्हीआर फिल्म केली. तिच्यातल्या बायका कणव मागत बसत नाहीत, भांडतात. पण त्या फिल्मने दार उघडलं असं म्हणायचं कुणी धाडस करू नये. त्या वर्षी १ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने शनिशिंगणापूरच्या प्रकरणात स्त्रियांना मंदिरप्रवेशाचा हक्क असल्याचं ठणकावलं ते विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक यांच्या जनहित याचिकेवर, १९५६ च्या कायद्याच्या आधाराने. आठवड्याभरात, गुढीपाडव्याला, शिंगणापूरचा चौथरा खुला झाला. न्यायमूर्तींना कुणी चौथऱ्याखाली उभं राहण्याचा अनुभव दिला नव्हता. साठ वर्षांपूर्वीचा एक कायदा वाचायला लावला होता.

या व्यवहारात कुणाचं काय जातं, तेही बघू. शिधा वाटणारी यंत्रणाच कॅमेरा घेऊन तंबूच्या दारात उभी राहते तेव्हा आतल्या बाईने ‘नको’ म्हणायची शक्यता किती? तिचे नातेवाईक अजून सीरियात असतील तर हा चेहरा कुणाच्या हाती पडेल, हे तिला कुणी समजावून दिलं? पाच वर्षांनी मुलगी मोठी झाल्यावर म्हणाली, मला आता जगभर निर्वासित म्हणून दिसायचं नाही, तर फिल्म काढून घ्यायची सोय आहे? ऑक्टोबर २०१७ मध्ये मार्क झुकरबर्गचं हसरं कार्टून चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या प्वेर्तो रिकोतल्या पाण्यातून हिंडलं आणि व्हीआरची महती सांगून आलं. ओरड झाली, त्याने माफी मागितली, आणि सगळ्यांनी त्याला अपवाद ठरवलं. अपवाद कसला? दावोसच्या खुर्चीत जे सभ्यपणे चालतं तेच त्याने जाहीर केलं.

या यंत्राची वंशावळही रंजक आहे. नॉनी दे ला पेन्या यांची ‘हंगर इन लॉस एंजलिस’ २०१२ मध्ये सनडान्सला दाखवली गेली. अन्नछत्राच्या रांगेत एक मधुमेही माणूस कोसळतो, प्रेक्षक शेजारी उभा. तिच्या हेडसेटसाठी राबलेल्यांत पामर लकी नावाचा एक पोरगा होता. त्याने ऑक्युलस ही हेडसेटची कंपनी काढली, २०१४ मध्ये फेसबुकने ती सुमारे २०० कोटी डॉलरला घेतली. आणि २०१७ मध्ये, इन्यारितूची वाळू कानमध्ये अंथरली गेली त्याच वर्षी, लकी अँडुरिल या संरक्षण कंपनीच्या संस्थापकांत होता. तिचे टेहळणी मनोरे आज अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवर उभे राहून त्याच स्थलांतरितांना हुडकतात. मूळ प्रवचनकार क्रिस मिल्क यांच्या कंपनीचं पुढे काय झालं? ती व्यायामाच्या ‘सुपरनॅचरल’ या व्हीआर ॲपसाठी नावाजली गेली आणि २०२३ मध्ये मेटाने ती विकत घेतली. सहवेदनेपेक्षा घाम गाळण्याला गिऱ्हाईक जास्त होतं. यात मिल्क यांचा दोष नाही, पण जे यंत्र विकणाऱ्यालाच पुरेसं पटलं नाही त्याची पूजा आपण का चालू ठेवायची?

आता त्या कबूल केलेल्या दोन शब्दांकडे येतो. २०१६ मध्ये जर्मनीतल्या डेटमोल्डमध्ये राइनहोल्ड हानिंग या चौऱ्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यावर खटला चालला. तो आउशवित्झमध्ये एसएसचा पहारेकरी होता. अशा आरोपींचं नेहमीचं म्हणणं एकच: मी तिथे होतो, पण आत काय चालतं ते मला दिसत नव्हतं. बव्हेरियाच्या गुन्हे अन्वेषण विभागाने जुने नकाशे, फोटो आणि प्रत्यक्ष जागेवरची लेझर मोजणी वापरून छावणीचं व्हीआर प्रारूप उभं केलं होतं. त्यात झाडंसुद्धा लावली होती, मनोऱ्यावरून बघताना एखादं झाड आड येत होतं का हे तपासता यावं म्हणून. मनोऱ्यावर उभं राहा आणि बघा, काय दिसतं. हानिंगला १ लाख ७० हजार हत्यांना साहाय्य केल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. ती भोगण्याआधीच पुढच्या वर्षी तो मेला.

त्याच वर्षी ॲम्नेस्टी आणि लंडनच्या ‘फॉरेन्सिक आर्किटेक्चर’ने सीरियातला सैदनाया तुरुंग उभा केला. आत कुणा निरीक्षकाला प्रवेश नव्हता, आतले फोटो नव्हते. सुटून आलेल्या कैद्यांचे डोळे बहुतेक वेळ बांधलेले असत. मग त्यांना आवाज विचारले: दार किती जड वाजायचं, पावलं किती लांबून यायची, जिन्यात घुमायचं कसं. त्यावरून वास्तुविशारदांनी खोल्या आणि मार्गिका मांडल्या, कैद्यांनी त्या दुरुस्त केल्या. इथे ‘अनुभव’ पीडिताच्या मालकीचा होता. तो तज्ज्ञाला सांगत होता, नाही, भिंत इथे नाही, तिकडे सरकवा. शिवाय हे प्रारूप वेबसाइटवर कुणालाही बघता येतं, हेडसेट लागत नाही.

या दोन्ही कामांत बघणाऱ्याला काय वाटलं याला कवडीची किंमत नाही. डेटमोल्डमध्ये न्यायाधीश रडले की नाही हे कुणी नोंदवून ठेवलं नाही. तिथल्या प्रारूपाने एकच प्रश्न विचारला, तोही आरोपीला: तुला दिसत होतं की नव्हतं? हेच तंत्र परिषदेच्या लॉबीत येतं तेव्हा प्रश्न आरोपीवरून प्रेक्षकावर सरकतो, ‘तुम्हाला कसं वाटलं?’, आणि आरोपी मागच्या दाराने निघून जातो.

म्हणून छावणीची, कोठडीची, जळालेल्या वस्तीची फिल्म घेऊन कुणी आलं तर मला ती बघायच्या आधी काही गोष्टी हव्या आहेत. मूळ चित्रण तारीख-वेळेसह, छेडछाड न करता जपून ठेवलंय का, आणि कुठल्या आयोगापुढे किंवा कोर्टापुढे ते ठेवणार? ज्याचा चेहरा आहे त्याच्याकडे ते मागे घ्यायचा लेखी अधिकार आहे का? फिल्ममध्ये त्या अत्याचाराला जबाबदार असलेल्यांची नावं आहेत, की नुसते ढग आणि मुलं? उत्तरं असतील तर हेडसेट जिल्हा न्यायालयात न्या, तिथे खुर्च्या मोडक्या असल्या तरी निकाल लागतो. उत्तरं नसतील तर तो खर्च एखाद्या वकिलाच्या फीसाठी द्या. हक्क मागणाऱ्याने आधी आपलं दुःख समोरच्याच्या काळजाला भिडेल असं मांडून दाखवावं, मग बघू, ही अट चवदार तळ्याच्या काठी एकदा धुडकावली गेलेली आहे. तीच अट महागड्या चष्म्यातून परत आली म्हणून मान्य करायला मी तयार नाही.